बोरीवलीचे बगळे

या जगात माझ्या आतेभावापासून फक्त दोनच प्रकारची माणसं सुरक्षित आहेत. ज्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत ती, आणि ज्यांच्या तोंडात औषधालाही दात उरलेला नाही ती. मधल्या सगळ्यांना कधी ना कधी बोरीवली पश्चिमेला, फरसाणाच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर, त्याच्या त्या मागे झुकणाऱ्या खुर्चीत पडावं लागतं. आणि एकदा का माणूस तिथे आडवा झाला की उठताना तो कोण असेल, याचा भरवसा नाही. अक्कलदाढ काढायला गेलेले एक गृहस्थ नॅशनल पार्कात दर रविवारी फुलपाखरं मोजायचं कबूल करून उठले. कवळी बसवायला आलेल्या एका आजींनी खालच्या मजल्यावर उतरेपर्यंत त्याच्या बुद्धिबळ मंडळाचं अध्यक्षपद स्वीकारलं होतं. मी स्वतः एकदा नुसते दात साफ करून घ्यायला गेलो आणि जादूगार होऊन घरी परतलो. ते पुढे सांगतोच.

बाकीचे दातांचे डॉक्टर प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी तोंडातली हत्यारं क्षणभर बाहेर काढतात. हा काढत नसे. त्याचं म्हणणं असं, की माणूस बोलू शकत नाही तेव्हाच तो नीट ऐकतो. पेशंटच्या तोंडात कापसाचे बोळे, गालाखाली थुंकी ओढणारी नळी आणि डोळ्यांवर तो पांढरा दिवा अशी सगळी मांडामांड झाली की हा विचारायचा, "मग येताय ना रविवारी?" त्यावर येणाऱ्या आवाजांचा त्याने एक शब्दकोशच केला होता. 'आँ' म्हणजे हो, 'आँऽऽ' म्हणजे आनंदाने हो, आणि डोळ्यांतून पाणी आलं तर भारावून हो. नकाराला त्या भाषेत शब्दच नव्हता. माणसांकडे तो तोंडापासून बघायला सुरुवात करी आणि बऱ्याचदा तिथेच थांबे. माझ्या लग्नात स्टेजवर येऊन, माझ्या बायकोसमोर, भरल्या डोळ्यांनी तो मला म्हणाला होता, "नशीब काढलंस. चावा अगदी बरोबर बसतो रे तिचा." दुपारी चार वाजता खाली उतरून तो फरसाणवाल्या शेठच्या दुकानात गरम जिलबी खायचा, तीही पेशंटांच्या देखत. कोणी बोट दाखवलं तर म्हणायचा, "मी शत्रूची पाहणी करतोय." आणि वर जाऊन त्याच पेशंटला गोड बंद करायला सांगायचा.

असा हा माणूस काही वर्षांपूर्वी दंतवैद्यांच्या कुठल्याशा परिषदेसाठी परदेशात गेला. शेवटच्या संध्याकाळी बरोबरचे सगळे डॉक्टर बॅगा आणि चॉकलेटं घ्यायला बाजारात पळाले. याला खरेदीचा कंटाळा. हॉटेलवाल्याने दिलेलं एक तिकीट घेऊन हा समोरच्या थिएटरात जाऊन बसला. आत सर्कस आहे की सिनेमा, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. आत होता बॅले, तो हंसांचा जुना, नावाजलेला. परत आला त्याच दिवशी विमानतळावरून घरी न जाता तो थेट माझ्या गोरेगावच्या घरी आला, बॅग दारात टाकली आणि बूट न काढताच माझ्या हॉलमध्ये उभा राहिला.

"अरे, जादूगाराच्या शापाने मुलगी हंस होते. राजपुत्र तिच्या प्रेमात पडतो. आणि जादूगार दुसरीच मुलगी तिच्या रूपात पुढे करून त्याला फसवतो. कोणी एक शब्द बोलत नाही रे! तीन तास! आणि शेवटी ती मरते."

"बरं," मी म्हणालो. "चहा घेणार?"

"मी सांगतोय, ती मेली!" असं म्हणून माझा हा साठीला टेकलेला, हजारो दाढा उपटलेला आतेभाऊ माझ्या सोफ्यावर बसून चक्क रडला.

त्यानंतर काय होणार हे त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मला फोनवर आधीच सांगितलं होतं. वहिनी गणिताच्या शिकवण्या घेतात आणि उत्तर आधी दिसत असलं तरी पायऱ्या गाळत नाहीत. "भावोजी, आधी तो पुस्तकं आणेल. मग व्हिडिओ बघेल. मग स्वतः करून बघेल. मग पडेल. त्यानंतर दुसऱ्यांना करायला लावेल." सगळं त्याच क्रमाने झालं. पडल्यावर मनगटाला लावलेली पट्टी निघाली त्याच आठवड्यात त्याने जाहीर केलं, की हा बॅले आपण बोरीवलीत, आपल्या माणसांना घेऊन, आपल्या पद्धतीने करायचा. रंगमंचावर करायचा आणि पडद्यावरही. शेवटचा प्रवेश उघड्यावर, पाण्याकाठी चित्रित करायचा आणि प्रयोगात नाचणाऱ्यांच्या मागे तो पडद्यावर दाखवायचा.

"आणि हंस नकोत," तो म्हणाला. "बोरीवलीत हंस कोणी पाहिलाय? बगळे घेऊ. बगळा रोज दिसतो. पांढरा आहे, उडतो, पाण्यात उभा राहतो. अजून काय पाहिजे?"

"अरे, पण बगळा म्हटलं की लोकांना ढोंगी आठवतो. डोळे मिटून मासा धरणारा."

"तेच तर! किती शतकं बदनाम झालाय बिचारा. त्याला एक तरी चांगली भूमिका नको?"

मी निवृत्त मराठी शिक्षक. त्याने मला निवेदन लिहायला सांगितलं. मी म्हटलं, तूच म्हणतोस ना, बॅलेत कोणी बोलत नाही? "हो. ते लोकांना सांगायला कोणीतरी नको का? नाहीतर ते वाट बघत बसतील."

मग माणसं जमवणं सुरू झालं, म्हणजे खुर्चीतलं ते 'आँ' सुरू झालं. नायिका त्याला अशीच मिळाली. पोस्टात नोकरी करणाऱ्या एक उंच, शिडशिडीत, पन्नाशीच्या बाई दाढ ठणकते म्हणून आल्या. हा त्यांच्याकडे बघतच राहिला आणि मग नर्सला ओरडून म्हणाला, "मान बघ, मान! अगदी बगळ्याची मान आहे!" पोस्टातल्या बाई तोंडातला कापूस स्वतःच्या हाताने काढून उठून बसल्या. "डॉक्टर, मी तुम्हाला दाखवायला आले ती दाढ. मान नाही." पण दाढेचं काम पाच-सहा वेळा यायचं होतं, आणि प्रत्येक वेळी हा गोष्ट थोडी थोडी पुढे सांगत गेला. शेवटच्या दिवशी दाढेवर टोपी बसली तरी गोष्टीचा शेवट व्हायचा होता. तो ऐकायला म्हणून बाई रविवारी त्याच्या सोसायटीच्या गच्चीवर तालमीला आल्या, त्या आल्याच. राजपुत्र तर जिन्याखालीच होता. फरसाणाच्या दुकानाचे शेठ, अंगाने गोल, पण नवरात्रात यांच्यासारखी गिरकी घेणारा माणूस दहिसरपासून मालाडपर्यंत नाही. ते एकाच अटीवर तयार झाले. "डॉक्टरसाहेब, मी काय म्हणतो, मध्ये थोडा गरबा टाकू ना. पब्लिकला मजा येईल." डॉक्टरसाहेबांनी बराच विचार करून राजपुत्राच्या वाढदिवसाच्या प्रवेशात गरबा टाकला. वाढदिवस कोणाचाही असला तरी नाचायला हरकत काय, हा शेठचा मुद्दा त्याला पटला होता. बाकीच्या बगळ्या म्हणून वेगवेगळ्या सोसायट्यांमधल्या बायका आल्या. कोणाचं रूट कॅनाल झालेलं, कोणाच्या हिरड्या सुजलेल्या. आणि मी दात साफ करून घेत असताना माझ्या तोंडून कधी 'आँ' निघालं ते मला आठवत नाही, पण जादूगार मी झालो. काळा रेनकोट घालायचा, काळी छत्री उघडायची आणि उभं राहायचं, एवढंच काम. "तुला नाचता येत नाही, हे या भूमिकेत शोभून दिसतं," असं त्याने मला प्रेमाने समजावलं.

तालीम सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांच्या मध्ये. अंगठ्याच्या टोकावर उभं राहायचा प्रकार पहिल्याच रविवारी रद्द झाला, कारण दोघींचे पाय मुरगळले आणि शेठच्या वजनाने बुटाचं टोकच चेपलं. पण याची हिंमत खचली नाही. तो पहाटे गोराईच्या खाडीवर दुर्बीण घेऊन जायला लागला आणि तासन्‌तास बगळे बघून आला. "अरे, आपण पाय नुसता टाकतो. बगळा पाय विचार करून टाकतो. आधी उचलतो, मग थांबतो, मग ठरवतो, आणि मग ठेवतो." झालं, सगळा बॅले त्या चालीवर बसवला गेला. तो स्वतः दवाखान्यातही तसाच चालू लागला. पेशंट खुर्चीत आडवा, आणि हा हातात चिमटा घेऊन एक एक पाय उचलत, थांबत, ठरवत त्याच्याकडे येतोय, हे दृश्य पाहून एक जण दाढदुखी थांबली असं सांगून पळून गेला. संगीत मात्र त्याने मूळचंच ठेवलं. दर रविवारी संध्याकाळी ते परदेशी व्हायोलिनचं पाणी आमच्या गच्चीवरून वाहायला लागलं की समोरच्या बिल्डिंगमधले लोक खिडकीत येऊन बसत, आणि पांढऱ्या ओढण्या खांद्यावर टाकलेल्या बायका गुडघे धरत, हसत, एकमेकींना "अगं, तुझा पाय अजून विचारच करतोय!" असं म्हणत नाचत.

भांडण एकच होतं, आणि ते शेवटावरून होतं. बायकांना नायिका मेलेली नको होती.

"डॉक्टर, इतके महिने मी चवड्यांवर उभी राहते ती काय शेवटी मरायला?" पोस्टातल्या बाई विचारायच्या. "शाप सुटू दे ना. लग्न होऊ दे."

"कुठे कुठे करतात तसा गोड शेवट," हा म्हणायचा. "पण ते खोटं आहे. ती मरते. मी पाहिलंय."

"तुम्ही तिकीट काढून पाहिलंय. ती काय खरंच मेली का? दुसऱ्या दिवशी परत शो असेल तिचा."

पण तो काही ऐकत नसे. एका रविवारी तो म्हणाला, "थांबा, मरायचं कसं ते मी दाखवतो." गच्चीच्या मधोमध तो गुडघ्यावर बसला, मान खाली घातली आणि दोन्ही हात मागे पंखांसारखे पसरले. व्हायोलिन चालू होतं. त्याचा उजवा हात, मनगटापासून बोटांपर्यंत, थरथरायला लागला. बारीक, सारखा, वाऱ्यात पान हलावं तसा. डावा स्थिर होता आणि उजवा थरथरत होता, जणू एका पंखाला कळलंय आणि दुसऱ्याला अजून कळायचंय. मग टाळ्या पडल्या. शेठ म्हणाले, "एक नंबर! साक्षात बगळा!" मीही टाळ्या वाजवल्या. फक्त वहिनी चहाच्या कपांचा ट्रे उचलून खाली जायला निघाल्या, आणि त्यांची पाठ बघून मला कसंतरीच वाटलं म्हणून मी मागोमाग गेलो.

स्वयंपाकघरात त्या ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. "भावोजी," त्या म्हणाल्या, "तो अभिनय नाही करत आहे."

मग त्यांनी सांगितलं. मेंदूचा आजार. हळूहळू वाढणारा, बरा न होणारा. गोळ्या चालू होत्या. परदेशात गेला त्याच्या थोडं आधी निदान झालं होतं आणि त्याने कोणालाही सांगायचं नाही असं बजावलं होतं. कितीतरी महिन्यांत त्याने कोणाच्या दाताला हत्यार लावलं नव्हतं. खुर्चीशी तो उभा राहायचा, गप्पा मारायचा, गोष्ट सांगायचा, आणि खरं काम हाताखालची तरुण डॉक्टरीण करायची. माझेही दात तिनेच साफ केले होते. मला वाटलं होतं, हा बोलण्यात रंगलाय म्हणून तिला सांगतोय.

पुढच्या आठवड्यात आम्ही चित्रीकरणासाठी मनोरीला निघालो. गोरेगावच्या स्टुडिओत काम करणारा एक तरुण कॅमेरामन, दोन दातांमधली फट बुजवायला आलेला, असाच त्या खुर्चीत सापडला होता. जागा दिली होती मनोरीच्या एका कोळीणबाईंनी. त्या बोरीवलीच्या बाजारात मासे विकतात, त्याच्या जुन्या पेशंट. "आमचे खाडीन बगलंच बगलं हायेत, डाक्टर. या कवा बी," एवढं त्या म्हणाल्या होत्या, आणि याने त्याचा अर्थ सबंध मंडळी घेऊन या असा केला होता. मार्वेच्या धक्क्यावरून होडीत बसलो. पांढऱ्या साड्यांतल्या बायका एका बाजूला, सोनेरी जाकिटातले शेठ मधोमध, होडी तिरकी होऊ नये म्हणून. आम्ही दोघं टोकाशी.

"वहिनीने सांगितलं ना तुला?" तो पाण्याकडे बघत म्हणाला.

"हो."

"बरं झालं. मला सांगायचा कंटाळा आला होता. सांगितलं की लोक हाताकडेच बघत बसतात. तोंडाकडे कोणी बघत नाही." उजवा हात त्याने डाव्या हाताखाली दाबून धरला होता. मग म्हणाला, "दाताला हा हात चालत नाही रे. पंखाला चालतो. त्या थिएटरात मला ते एकदम दिसलं."

"म्हणून तिला मारायचीच का?"

"मग काय करू? शाप सुटला म्हणून दाखवू? मला ते जमत नाही आत्ता." एवढं म्हणून तो उठला आणि शेठना ओरडला, "अहो राजपुत्र, भजी नंतर! जाकीट तेलकट होईल!"

ओहोटी होती. खाडीचा चिखल लांबवर उघडा पडला होता, पलीकडे खारफुटी, आणि त्या चिखलात खरे बगळे, अगदी याने शिकवल्यासारखे, एक एक पाय विचार करून टाकत फिरत होते. बायका हरखून गेल्या. "अय्या, यांना कोणी शिकवलं?" कॅमेरामन सारखा आकाशाकडे बघत होता. "सर, लवकर करा. लाईट जातोय. लाईट गेला तर वाट लागेल." स्पीकर लावला, व्हायोलिन सुरू झालं, आणि बायका चिखलात उतरल्या. खरं सांगतो, तोपर्यंत मी ते सगळं थट्टेवारी नेत होतो. पण ओल्या चिखलावर पडलेल्या उन्हात त्या सगळ्या जणी, कोणी जाडी, कोणी वाकलेली, पदर पंखासारखे धरून सावकाश पावलं टाकत निघाल्या, तेव्हा मी छत्री उघडायची विसरलो. कोळीणबाई काठावर उकिडव्या बसल्या होत्या, हनुवटीला हात लावून. त्यांनी सांगायचं होतं भरती कधी लागते ते. पण त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. "मना काय कळत नाय," त्या मला म्हणाल्या, "पन बाय गो, तिचा काय वायट चाललाय ता दिसतंय."

आता मरणाचा प्रसंग. पोस्टातल्या बाई गुडघ्यावर बसल्या, मान खाली घातली, पंख पसरले. आतेभाऊ काठावरून ओरडत होता, "हात! अजून हळू! घाई नको, मरायला घाई नको!" त्याला राहवेना, तो स्वतःच चिखलात शिरला. आणि इतक्यात त्या सगळ्या जणी एकदम किंचाळल्या. पाणी. कडेकडेने कधी आत आलं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कोळीणबाई ताडकन उभ्या राहिल्या आणि त्यांनी बाजारातल्या आवाजात हाक घातली, "अरे भरती आली! पला! पला सगली!" मग काय सांगावं! आमच्या सगळ्या बगळ्या साड्या गुडघ्यापर्यंत धरून, किंचाळत, हसत, एकमेकींना ओढत काठाकडे पळत सुटल्या. पोस्टातल्या बाई मरता मरता उठल्या आणि सगळ्यांच्या पुढे गेल्या. त्या गोंधळाने खरे बगळेही उडाले, सगळा थवा एकदम. मागे राहिला फक्त माझा आतेभाऊ. त्याचा पाय चिखलात रुतला होता, आणि तो काही केल्या निघत नव्हता. पाणी पोटरीला लागलं. मी धावलो, पण माझ्याआधी शेठ पोचले. त्या सोनेरी जाकिटातल्या राजपुत्राने त्याला काखेत हात घालून उपटला, अगदी दाढ उपटावी तसा, पाठीवर घेतला आणि धापा टाकत काठावर आणून ठेवला.

काठावर सगळ्या हसत होत्या. हा एकटा चिखलाने माखलेला बसून होता. "तिचं मरण राहिलं रे," तो मला म्हणाला. "माझी बगळी मेलीच नाही."

पुन्हा मनोरीला जायचं त्राण कोणालाच नव्हतं, आणि परीक्षा जवळ आल्यावर शाळेचा हॉलही मिळाला नसता. तेव्हा असं ठरलं, की आहे ते चित्रीकरण पडद्यावर दाखवायचं आणि मरण रंगमंचावर करायचं. प्रयोगाला बोरीवलीतला तो लहानसा हॉल भरला होता. अर्धे पेशंट, अर्धे पेशंटांचे नातेवाईक. कोळीणबाई पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून. मी निवेदन केलं आणि कोणी बोलणार नाही असं लोकांना सांगितलं. तरी एक आजोबा मधूनच "आवाज, आवाज!" ओरडत राहिले. शेठच्या गरब्याला वन्समोअर मिळाला. माझी छत्री उघडली नाही, मी ती मिटलेलीच हलवली, आणि पुढे लोक म्हणाले की त्यामुळे जादूगार फार गूढ वाटला.

शेवटचा प्रवेश आला. पोस्टातल्या बाईंनी पंख पसरले, मान खाली घातली आणि खरोखर सुंदर मेल्या. मागे पडद्यावर मनोरीचा चिखल दिसायला लागला, आणि पाठोपाठ त्या किंचाळत पळणाऱ्या बायका. हॉलमध्ये हशा फुटला. पुढे नायिका मरून पडलेली आणि लोक पोट धरून हसतायत. मी विंगेत त्याच्या शेजारी उभा होतो. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. मला वाटलं, संपलं सगळं. मग थवा उडाला. हसणं कमी कमी होत गेलं. शेठनी डॉक्टरला काठावर आणलं तरी कॅमेरामनने कॅमेरा बंदच केला नव्हता. पडद्यावर आता कोणीच नव्हतं. नुसता चिखल, त्यात सगळ्यांच्या पावलांचे ठसे, आणि वर चढत येणारं पाणी. एक एक ठसा भरत होता, पुसला जात होता. सावकाश.

आणि तेव्हा, जे तालमीत कधीच नव्हतं ते झालं. पोस्टातल्या बाईंनी मान उचलली. वळून पडद्याकडे पाहिलं. मग हाताच्या आधाराने उठल्या, पदर सारखा केला आणि एक पाय उचलून, थांबून, ठरवून, मग ठेवून, तशाच चालत विंगेत निघून गेल्या.

माझा हात कोणीतरी घट्ट धरला. त्याचा उजवा हात होता, थरथरणारा. "उठली रे ती," तो कुजबुजला. "तू पाहिलंस? उठली!"

टाळ्या संपल्यावर आम्ही बाईंना विचारलं, की हे तुम्ही ठरवून केलंत का? त्या म्हणाल्या, "छे हो. मेल्यावर मला पडदा बघायचा होता. वळून बघताना मान अवघडली. म्हटलं, आता उठावं." तो हे ऐकून इतका हसला, की वहिनींनी त्याला खुर्ची आणून दिली.

आता दवाखान्यावर त्या तरुण डॉक्टरणीची पाटी आहे. ती पेशंटला प्रश्न विचारते, हत्यारं बाहेर काढते आणि उत्तर ऐकून घेते. पेशंट खूश आहेत, पण जुने पेशंट जिन्यात शेठना विचारतात, डॉक्टर कधी येतात? डॉक्टर आता जिने उतरत नाहीत फारसे. रविवारी मात्र लिफ्टने गच्चीवर येतात. पुढचा प्रयोग ठरलेला नाही, हॉल ठरलेला नाही, तरी बायका येतात. पोस्टातल्या बाई निवृत्त झाल्यापासून सगळ्यांच्या आधी येतात. तो वेताच्या खुर्चीत बसतो, वहिनी मागे उभ्या असतात, व्हायोलिन सुरू होतं. बोलणं आता थोडं पुसट झालंय, जवळ जाऊन ऐकावं लागतं.

परवा मी त्याच्या शेजारी बसलो होतो. म्हटलं, पुढे काय? दुसरा एखादा बॅले घ्यायचा का नवीन? त्याने मान हलवली. मी कान जवळ नेला.

"नवीन नको," तो म्हणाला. "हाच पुन्हा करू. मागच्या वेळी शेवट जरा घाईत झाला."